जुन्या पेट्रोल एसयूव्हीची थरथर आणि ऑक्सिजन सेन्सर : गॅरेजमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून जे कामाला लागतात, त्यांना चार स्ट्रोक, इंजेक्शन, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे सारे ठाऊक असते. त्याची उजळणी मी येथे करत नाही. मला लिहायचे आहे ते एकाच तक्रारीविषयी. जुन्या सीआर-व्ही किंवा ग्रँड विटारासारखी पेट्रोल एसयूव्ही सिग्नलला उभी असताना थरथरते, आरपीएमचा काटा एका जागी ठरत नाही, चेक इंजिनचा दिवा लागलेला असतो आणि स्कॅनर ऑक्सिजन सेन्सरचा किंवा मिश्रण पातळ (पेट्रोलच्या मानाने हवा जास्त) असल्याचा कोड दाखवतो. उमेदवारीच्या काळात या तक्रारीने मला फार छळले, कारण मी ज्यांच्या हाताखाली काम करत होतो त्यांच्याकडे तिचे एकच उत्तर होते : सेन्सर बदलून टाक. सेन्सर बदलला जाई, दिवा विझे, गिऱ्हाईक पैसे देऊन जाई आणि काही दिवसांनी तीच गाडी तशीच थरथरत पुन्हा दारात उभी राही.

पी ०१७१ हा मिश्रण पातळ असल्याचा कोड दिसला की नवीन मुलगा त्याचा अर्थ ‘इंजिनात पेट्रोल कमी पडते आहे’ असा घेतो. बहुतेक वेळा तो अर्थ बरोबरही निघतो, आणि म्हणूनच उरलेल्या वेळी तो फसवतो. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल कळत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा जो वायू त्याच्या टोकाशी पोहोचतो त्यातील ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतील ऑक्सिजन यांतील फरकावर तो व्होल्टेज तयार करतो. झिर्कोनियाच्या जुन्या सेन्सरमध्ये ऑक्सिजन भरपूर असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास आणि जवळजवळ नसेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास. तो ऑक्सिजन कोठून आला, हे मात्र सेन्सर सांगू शकत नाही. इनटेक मॅनिफोल्डच्या चिरेतून जादा हवा आत गेली तरी तो वाढतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तर जळायचा राहिलेला ऑक्सिजन जसाच्या तसा सायलेन्सरकडे येतो, तरीही तो वाढतो. आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले असेल, तर बाहेर पडणाऱ्या वायूच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, तेव्हाही तो वाढतो. तिन्ही वेळा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, एकच निष्कर्ष काढतो की मिश्रण पातळ आहे, आणि पेट्रोल वाढवत जातो. पहिल्या कारणात ते वाढवणे योग्य असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणात चांगल्या चालणाऱ्या सिलिंडरांनाही नको तेवढे पेट्रोल मिळते, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरते आणि थरथर वाढते. स्कॅनर मात्र शेवटपर्यंत ‘पातळ’ असेच म्हणत राहतो.

२००८ सालच्या चार सिलिंडरच्या एका एसयूव्हीवर हे मला स्पष्ट दिसले. गाडी दुसऱ्या एका गॅरेजमधून नवा सेन्सर बसवूनच आमच्याकडे आली होती. उभ्या गाडीत फ्युएल ट्रिम अधिक बावीस टक्के होता, म्हणजे ईसीयू नेहमीपेक्षा तेवढे जास्त पेट्रोल देत होता. आणि प्लग काढले तर चारही प्लगांवर कोरडी, मखमलीसारखी काजळी. पातळ मिश्रणावर चालणाऱ्या इंजिनाचे प्लग असे काळे नसतात. स्कॅनर आणि प्लग एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील तर प्लगवर विश्वास ठेवावा, असे माझे ठाम मत आहे, कारण प्लगाने ज्वलन प्रत्यक्ष पाहिलेले असते. इंजिन पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात ब्लोअरने हलकी हवा सोडली आणि जोडांवर साबणाचे पाणी मारले, तेव्हा दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या स्टडखाली बारीक बुडबुडे येऊ लागले. तेथे गॅस्केटच्या कडेला काजळीची बोटभर रेघही होती, पण हीट शील्ड काढल्याशिवाय ती दिसणे शक्य नव्हते. इंजिन तापले की धातू फुगून ती फट बरीचशी मिटत असे, त्यामुळे सकाळच्या पहिल्या स्टार्टला ऐकू येणारी टिकटिक दुपारी गिऱ्हाइकाने गाडी आणेपर्यंत नाहीशी झालेली असे.

येथे आणखी एक अडचण आहे आणि ती नीट समजून घ्यावी. उभ्या गाडीत ट्रिम जास्त आणि अडीच हजार आरपीएमला जवळजवळ शून्य, असे दिसले की व्हॅक्यूम गळती आहे, हा नियम सर्वत्र शिकवला जातो. त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे : चार माणसांच्या स्वयंपाकात एक पाहुणा वाढला तर भाकरी कमी पडते, पण लग्नाच्या पंगतीत तो कोणाच्या लक्षातही येत नाही, तसेच चिरेतून येणारी हवा आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, मोठा वाटा असते आणि थ्रॉटल उघडल्यावर नगण्य होते. परंतु सेन्सरच्या आधीची एक्झॉस्ट गळतीही आयडलिंगलाच अधिक जाणवते आणि रेस दिल्यावर तिचा परिणाम घटतो. म्हणजे ट्रिमचे आकडे दोन्हींत सारखेच दिसू शकतात. ते पाहून इनटेकचे गॅस्केट उघडायला घेणे म्हणजे अर्धा दिवस आणि गिऱ्हाइकाचा विश्वास दोन्ही पणाला लावणे होय.

हा गुंता सोडवणारी चाचणी फुकट आहे. ईसीयूमधील जुने कोड आणि शिकलेले ट्रिम पुसून टाका, पहिल्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या, सेन्सरचा कनेक्टर काढा आणि इंजिन गरम करून आयडलिंगला सोडा. आता ईसीयू सेन्सरचे न ऐकता आपल्याजवळच्या मूळ हिशोबावर पेट्रोल देतो. सेन्सर काढल्यावर इंजिन शांत झाले, तर त्याला मिळणारी माहिती दिशाभूल करणारी होती. मग एक्झॉस्ट गळती किंवा खुद्द सेन्सर यांकडे वळावे. सेन्सर काढल्यावर थरथर तशीच राहिली किंवा वाढली, तर मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन न होणे), हवेची खरी गळती किंवा पेट्रोलची खरी कमतरता शोधावी. ही चाचणी मला कोणी शिकवली नाही याचे अजूनही वाईट वाटते, म्हणून ती येथे इतकी सविस्तर लिहिली.

सेन्सर खराब आहे असे म्हणण्याआधी त्याची परीक्षा घेणे हे तुमचे कर्तव्य आहे. इंजिन गरम असावे, कारण सुमारे तीनशे अंश सेल्सियसच्या खाली तो नीट कामच करत नाही. एअर फिल्टरच्या बाजूने कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा दिला की व्होल्टेज लगेच ०.८ च्या वर जायला हवे, आणि व्हॅक्यूमची एखादी नळी क्षणभर काढली की ०.२ च्या खाली यायला हवे. दोन्हीकडे चटकन जाणारा सेन्सर निरोगी असतो, मग कोड काहीही म्हणो. कार्ब क्लीनर पेट घेतो. तापलेल्या मॅनिफोल्डवर तो मारू नका आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी नसेल तर ही चाचणी करूच नका. मीटर डिजिटल असावा, टेस्ट लॅम्प सिग्नलच्या वायरीला कधीही लावू नये आणि वायरीचे वेष्टन टोचू नये. अनेक सेन्सर तुलनेची बाहेरची हवा वायरींच्या आतूनच घेतात, त्यामुळे कनेक्टरमध्ये ग्रीस भरणे किंवा वायर कापून डाग देणे यानेही चांगला सेन्सर बिघडतो. दुसरे असे की २००० नंतरच्या अनेक जपानी गाड्यांत कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर एअर-फ्युएल रेशो प्रकारचा असतो. तो दिसायला सारखाच असला तरी त्याला ०.१ ते ०.९ व्होल्टचा हिशोब लागू होत नाही, म्हणून त्या गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल उघडल्याशिवाय निकाल देऊ नये. पी ०१३५ म्हणजे हीटर सर्किटचा कोड असेल, तर आधी फ्यूज, मग कनेक्टरवर बारा व्होल्ट, मग अर्थिंग, आणि सर्वांत शेवटी सेन्सर.

पुण्याच्या नाना पेठेत किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या डुप्लिकेट सेन्सरविषयी माझे मत कडक आहे. तो बसवून निदान करणे म्हणजे एका शंकेच्या जागी दोन शंका निर्माण करणे होय. गिऱ्हाइकाला ओरिजिनल परवडत नसेल, तर जुना चांगला सेन्सर तसाच राहू द्यावा.

थरथरीची सगळीच कारणे इतकी अवघड नसतात, हेही लक्षात असू द्या. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये ब्रेकवर थरथरते आणि न्यूट्रलला शांत होते, आरपीएम स्थिर आहे आणि मिसिंगचा कोड नाही, तर आधी इंजिन माउंटिंग बघा. थ्रॉटल बॉडीतील कार्बन, अडकलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधील वायू इनटेकमध्ये सोडणारा), ब्रेक बूस्टरची चिरलेली नळी, थकलेली कॉइल, हे सर्व तासाभरात तपासून होते. ट्रिम आयडलिंगला ठीक आणि रेस दिल्यावर वाढत जातो, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा मळलेला हवेचा सेन्सर यांवर संशय घ्यावा.

आपल्याकडच्या गाड्यांत दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. सीएनजी किट बसवलेल्या गाडीत मॅनिफोल्डला टी जोडून घेतलेली व्हॅक्यूमची नळी कडक होऊन चिरते, म्हणून पहिली नजर तेथेच टाकावी; आणि काही जुन्या किटमध्ये ईसीयूला खोटा सिग्नल देणारा एम्युलेटर असतो, तो बाजूला काढल्याशिवाय सेन्सरची कोणतीही नोंद खरी मानू नये. दुसरी गोष्ट इथेनॉलची. पेट्रोलला हवेचे प्रमाण १४.७ ला एक लागते, तर इथेनॉलला सुमारे नऊला एक, त्यामुळे ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर जुन्या गाडीचा ट्रिम काही टक्क्यांनी अधिककडे सरकणे स्वाभाविक आहे. हा सरकलेला ट्रिम आयडलिंगला आणि रस्त्यावर जवळपास सारखाच दिसतो. तेवढ्यावरून गळती शोधत बसू नका.

स्कॅनरविषयी सांगायचे तर भारतात ओबीडीची (गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड देण्याच्या व्यवस्थेची) सक्ती २०१० मध्ये पहिल्या टप्प्याने आणि २०१३ मध्ये दुसऱ्या टप्प्याने आली. त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचे सॉकेट असले तरी मोबाइलला जोडायच्या स्वस्त उपकरणावर ट्रिम दिसेलच असे नाही. अशा वेळी त्या कंपनीच्या गाड्यांचे प्रोटोकॉल वाचणारा स्कॅनर एखाद्या मोठ्या गॅरेजमधून मागून आणावा. त्यात कमीपणा काही नाही.

उस्तादांबद्दलही एक सांगतो. कानाने मिसिंग ओळखणारे जुने मिस्त्री हे आपल्या धंद्याचे धन आहे आणि त्यांच्याजवळ बसायला मिळाले तर पगार थोडा कमी घेऊनही बसावे. पण ‘का’ विचारल्यावर जो चिडतो आणि मीटरला हात लावू देत नाही, त्याच्याकडे वर्षानुवर्षे राहू नका. तुम्हाला वेळ लागतो आहे म्हणून लाज वाटून घेण्याचे कारण नाही. अशा गाडीवर अनुभवी माणसालाही वेळ लागतो, फक्त तो गिऱ्हाइकाला आधी तसे सांगून ठेवतो आणि तपासणीचे पैसे वेगळे ठरवून घेतो. तपासणी फुकट आणि पार्टवर नफा, या पद्धतीमुळेच मुले पार्ट बदलायला शिकतात.

काम झाल्यावर कोड पुसून गाडी लगेच देऊ नये. सेन्सर उघडला असेल तर तो हाताने सुरुवातीचे आटे लावून मगच बावीसच्या सॉकेटने आवळावा, टोकाला ग्रीस किंवा सिलिकॉन सीलंट लागू देऊ नये; सिलिकॉनची वाफसुद्धा त्याला कायमची निकामी करते. त्यानंतर गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, सकाळी पहिला स्टार्ट स्वतः मारावा, आयडलिंगचा आणि अडीच हजारांचा ट्रिम लिहून घ्यावा, शहरात व महामार्गावर एक फेरी करून तेच आकडे पुन्हा पाहावेत. दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे हे आकडे मी बिलाच्या मागे लिहून देतो, म्हणजे पुढच्या वेळी गाडी कोणाच्याही हाती गेली तरी त्याला कोठून सुरुवात करायची ते कळते.