मालडब्यावरचा अकरा आकडी नंबर असा वाचा

फाटक बंद आहे आणि मालगाडी काही संपत नाही? मग डब्यांच्या अंगावरचे अकरा आकडे वाचा. भारतीय रेल्वेच्या प्रत्येक वाघिणीवर, म्हणजे मालडब्यावर, ते असतात.

पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात: तिशीतले बंद डबे, चाळिशीतल्या टाक्या. पुढचे दोन मालक रेल्वेचे: ०१ मध्य, ०८ पश्चिम. म्हणजे मनमाडला दिसलेली वाघीण मध्य रेल्वेचीच असेल असं नाही, ती देशभर हिंडते. मग बांधणीचं वर्ष आणि चार आकडी अनुक्रमांक.

खरी गंमत अकराव्या आकड्यात. तो नंबर उतरवताना झालेली चूक पकडायला असतो. समजा ३१ ०१ १० ८५२१ २ असा नंबर आहे. पहिल्या दहांपैकी सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज ८, तिची तिप्पट २४. विषम जागांची बेरीज १४. एकूण ३८. पुढच्या दशकाला, म्हणजे ४० ला, कमी पडतात २. जुळलं! बेरीज नेमकी दशकावर आली तर शेवटी शून्य.

गाडी वेगात असेल तर मोबाईलवर फोटो काढा, हिशेब नंतर. आणि हे सगळं फाटकाच्या अलीकडूनच.