छोट्या खोलीत परावलंबी वृद्धाची शुश्रूषा कशी करावी

धारावी, गोवंडी किंवा मानखुर्दच्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात. त्यांतील एखादी आजी किंवा आजोबा पक्षाघाताने, मोडलेल्या खुब्याने किंवा केवळ वयाने परावलंबी झाले, की शुश्रूषेच्या नेहमीच्या सूचना फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण त्या सूचनांनी वेगळी खोली, घरातले शौचालय आणि दिवसभर वाहणारा नळ गृहीत धरलेला असतो. यांपैकी काहीच नसते तिथे सुरुवात औषधांपासून नव्हे, तर शौचाच्या सोयीपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

आधी शौचाची सोय, मग पाणी

सार्वजनिक शौचालय लांब असते, तिथे रांग असते, पायऱ्या ओल्या असतात, आणि आपल्याला नेण्यासाठी कोणाला तरी हातातले काम सोडावे लागते, हे वृद्धांना पुरते ठाऊक असते. म्हणून ते पाणी पिणेच कमी करतात आणि त्याविषयी चकार शब्द काढत नाहीत. त्यातून बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि उभे राहताच येणारी चक्कर असे त्रास सुरू होतात. कधी माणूस एका दिवसात असंबद्ध बोलू लागतो, आणि घरचे ‘आता वय झाले’ म्हणून गप्प बसतात. असा अचानक झालेला बदल हा वयाचा भाग नसून आजाराचे लक्षण आहे असे समजावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

कमोड खुर्ची विकत घेणे परवडत नसेल, तर हात असलेल्या भक्कम लाकडी किंवा लोखंडी खुर्चीच्या बैठकीला सुताराकडून भोक पाडून घ्यावे, कडा गुळगुळीत कराव्यात आणि खाली झाकणाची बादली ठेवावी. प्लास्टिकची खुर्ची कापू नये. वजनाने ती फाटते. खुर्ची मोरीजवळ, भिंतीला टेकवून ठेवावी आणि समोर जुन्या साडीचा पडदा लावावा. हा पडदा अनावश्यक वाटला तरी टाळू नये, कारण सुनेसमोर किंवा नातवंडांसमोर बसावे लागेल या लाजेने अनेक वृद्ध शौच दाबून धरतात. बादलीत आधी थोडे पाणी घालावे आणि ती गटारात न ओतता शौचालयातच रिकामी करावी.

एवढे झाल्यावर पाण्याकडे वळावे. नळाच्या वेळेला पिण्याचा एक हंडा वृद्धासाठी वेगळा भरून ठेवावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने अर्धा-अर्धा पेला द्यावा, कारण उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

झोपण्याची जागा आणि त्वचा

वृद्धाला पोटमाळ्यावर झोपवू नये. पत्र्याखाली उन्हाळ्यात तिथली हवा तापते आणि उभ्या शिडीवरून उतरणे धोक्याचे ठरते. दाराजवळची, हवा खेळणारी जागा त्यांना द्यावी. खाटेवर बसल्यावर पावले जमिनीवर पूर्ण टेकतील एवढीच तिची उंची असावी.

स्वतःहून कूस बदलता येत नसेल, तर दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी. माकडहाड, खुबे, घोटे आणि टाचा रोज उजेडात पाहाव्यात. लाल डाग बोटाने दाबूनही पांढरा पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. तिथे चोळू नये, त्या जागेवरचा भार काढावा आणि डॉक्टरांना दाखवावे. टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून पोटऱ्यांखाली जुन्या चादरीची घडी ठेवावी. चादरीखाली मेणकापड घालावे, पण अंग थेट त्यावर येऊ देऊ नये.

भरवताना पाठ ताठ ठेवून बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. पाण्याने ठसका लागत असेल, तर पाणी किंवा घास श्वासनलिकेत जात असल्याचा तो इशारा असू शकतो.

काम एकटीवर टाकू नये

बहुतेक घरांत ही सेवा सून किंवा मुलगी करते, आणि तीच सकाळी चार घरची धुणीभांडीही करते. रात्री दोन-दोन तासांनी उठून ती हे फार दिवस रेटू शकणार नाही. म्हणून रात्रीच्या पाळ्या पुरुषांनी घ्याव्यात आणि कोणाची कोणती पाळी हे भिंतीवर कागदावर लिहून लावावे. आठवड्यातून एक दुपार शेजारणीला बसवून तिला घराबाहेर पडू द्यावे.

कागदपत्रे

आधार कार्ड, शिधापत्रिका, जुने केस पेपर आणि चालू औषधांची यादी एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. ही सोय २०२४ पासून आहे. पासष्टी ओलांडलेल्या निराधारांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना दरमहा १,५०० रुपये देते, परंतु तिची वार्षिक उत्पन्नाची २१,००० रुपयांची मर्यादा फारच तुटपुंजी आहे. कष्टाने बोटांचे ठसे झिजले असतील, तर डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीची मागणी करावी. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

गल्लीतून बाहेर काढण्याची तयारी

तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे किंवा बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसल्यास क्षणही न घालवता १०८ ला फोन करावा. मात्र रुग्णवाहिका मोठ्या रस्त्यावरच थांबेल आणि तिथपर्यंत रुग्णाला आपल्यालाच न्यावे लागेल. कोणत्या खुर्चीत बसवायचे, चार माणसे कोणती आणि रस्त्यावर कोण उभे राहील, हे आधीच ठरवावे. एखाद्या दुपारी घरातल्या धडधाकट माणसाला त्या खुर्चीत बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन पाहावे, म्हणजे कोणत्या वळणावर खुर्ची अडते आणि तिथले पिंप कोणाला हलवायला सांगायचे, ते कळेल.