प्लगला करंट नाही? सीडीआय नंतर बघा

शिकाऊ असताना एका डर्ट बाइकने मला नऊ दिवस रडवलं. किक मारली की कधी प्लगला करंट, कधी ठणठणाट. मी सीडीआय (प्लगला ठिणगी पाठवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलला, इग्निशन कॉइल बदलली, मॅग्नेट काढून आतला स्टेटरही (वीज बनवणाऱ्या कॉइल्सचा संच) बघितला. दोष निघाला हँडलखालच्या एका सोललेल्या वायरीत.

बॅटरीशिवाय चालणाऱ्या एसी सीडीआयची रचना तुम्हाला माहीत असेलच. एक्सायटर कॉइल कपॅसिटर भरते, पिकअप कॉइलचा इशारा आला की तो इग्निशन कॉइलमध्ये एकदम रिकामा होतो आणि प्लगपर्यंत हजारो व्होल्ट पोचतात. मीही हे घडाघडा म्हणून दाखवायचो. अडलो ते किल स्विचपाशी, म्हणजे हँडलवरच्या इंजिन बंद करायच्या स्विचपाशी.

घरातला दिव्याचा स्विच बंद केला की सर्किट तुटतं. इथे नेमकं उलटं. एसी सीडीआयचा किल स्विच बंद केला की सर्किट जोडलं जातं: किल वायर बॉडीला अर्थ होते आणि ठिणगी मरते. म्हणजे ती वायर तुटली तर इंजिन बंद होणार नाही, आणि ती कुठे बॉडीला टेकली तर चालू होणार नाही. मी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवला (दोन टोकं जोडलेली असली की तो वाजतो), एक टोक किल वायरला, दुसरं फ्रेमला लावलं, स्विच चालू स्थितीत. मीटर वाजला. मी खूश, वायर अखंड आहे! तो आवाजच दोष होता आणि मी त्याच्यावर बरोबरची खूण करून पुढे गेलो.

म्हणून सीडीआयपाशी किल वायरचा जोड सोडवा आणि स्विचकडच्या टोकावर मोजा. चालू स्थितीत मीटर गप्प हवा, बंद केल्यावर वाजायला हवा. गप्प असताना हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. माझा मीटर फक्त डावीकडे वाजत होता. वायर सोडवल्यावर करंट आला तर दोष त्याच बाजूला. पण तशी गाडी चालू झाली तर स्विचने बंद होणार नाही. गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून बंद पाडायची तयारी ठेवा. बॅटरीवरच्या डीसी सीडीआयला हे सगळं जसंच्या तसं लावू नका, तिथे काही गाड्यांत स्विच पुरवठाच तोडतो. वायरिंगचा नकाशा बघा.

ठिणगी बघताना प्लगची बॉडी इंजिनला घट्ट टेकलेली हवी, प्लगच्या भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलची वाफ येते, भडका उडतो. हातात धरून बघणारे उस्ताद मी पाहिलेत. त्यांच्याकडून बाकी सगळं शिका, हे नको. आणि उघड्यावर ठिणगी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. सिलिंडरमधल्या दाबाखाली तीच ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं.

गाडी थंड असताना चालते आणि तापली की मरते? मग कॉइल तापलेली असतानाच ओहम मोजा. थंड झाल्यावर ती साळसूद आकडे दाखवते.

‘एकेक पार्ट बदलत जा’ हा सल्ला मला पहिल्याच दिवशी मिळाला होता. त्या गाडीतून काढलेला सीडीआय पुढे दुसऱ्या तशाच गाडीला लावला. पहिल्या किकला चालू.