पहिल्याच सनबेडनंतर अंग चुरचुरतंय, खाजतंय? काय करावं आणि कारण कसं ओळखावं

ब्रिटनमधल्या लहानमोठ्या शहरांच्या बाजारपेठेत टॅनिंग सलून सहज दिसतं: अतिनील किरणांच्या दिव्यांच्या पलंगावर, म्हणजे सनबेडवर, पडून कातडी रापवून घेण्याचं दुकान. अमेरिकेत काही जिमच्या महागड्या सदस्यत्वात सनबेड 'फुकट' मिळतो. शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेली आपली मुलंमुलीही कधी मैत्रिणीच्या आग्रहाने, तर कधी हिवाळ्यात ऊन नाही म्हणून 'ड जीवनसत्त्व मिळेल' या आशेने एकदा आत जाऊन येतात. बेडवर पडल्यापडल्या नुसतं ऊबदार वाटतं. रात्री मात्र पाठ चुरचुरायला लागते, किंवा दुसऱ्या दिवशी दंडांवर बारीक पुरळ उठतं आणि खाज थांबत नाही.

'पहिल्यांदा असं होतंच, मग त्वचेला सवय होते,' असं अशा वेळी ऐकायला मिळतं. त्यावर विसंबून राहू नका. ही त्वचा दुखावल्याची खूण आहे. कशाने दुखावली, हे त्रास कधी सुरू झाला आणि अंगावर नेमका कुठे आहे यावरून बरंचसं कळतं. पण आधी आग शांत करू.

१. पहिल्या काही तासांत

अंगाला लावलेलं टॅनिंग लोशन आधी धुऊन काढा. पाणी गार हवं, पण बर्फासारखं नको. बिनवासाचा सौम्य साबण हाताने लावा. घासणी, वज्री, लूफा काही नको. नंतर मऊ टॉवेलने अंग नुसतं टिपून घ्या आणि त्वचा ओलसर असतानाच बिनसुगंधी मॉइश्चरायझर लावा. जास्त आग होणाऱ्या जागी गार पाण्यात पिळलेलं सुती फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. सैल सुती कपडे घाला आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या.

दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेनही चालतं, पण पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, दमा किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. खाजेसाठी प्रौढांना सेटिरिझिनची १० मिलिग्रॅमची एक गोळी रात्री घेता येते. काहींना तिने झोप येते.

संध्याकाळी थोडीच आग होतेय म्हणून निर्धास्त होऊ नका. अतिनील किरणांनी भाजल्याची लाली तीन ते सहा तासांनी दिसू लागते आणि साधारण १२ ते २४ तासांनी सर्वांत जास्त वाढते. त्यात आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाली नीट दिसतही नाही. म्हणून रंगावर जाऊ नका. पालथा हात टेकवून बघा: शेजारच्या जागेपेक्षा कातडी गरम लागते का, ताणल्यासारखी वाटते का, कपडा घासला तरी दुखते का? तसं असेल तर ती भाजली आहे.

२. घरातलं काय लावू नये

लिंबू अजिबात नको. त्याच्या सालीत आणि रसात असे घटक असतात की ते लागलेल्या कातडीवर यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) पडले तर फोड येतात आणि नंतर काळपट ओघळ उमटतात, महिनोन् महिने न जाणारे. बेसन-हळदीचं उटणं भाजलेल्या जागेवर घासणं म्हणजे आणखी सोलवटणं. टूथपेस्ट नको, बर्फ थेट लावू नका. खोबरेल तेल कातडीतली धग ओसरल्यावर, दोन-तीन दिवसांनी लावा, आधी नको.

कोरफड चालते, पण कुंडीतलं पान कापून लावणार असाल तर एक पथ्य पाळा. पान कापल्यावर सालीलगत पिवळा चीक येतो. त्यानेच अनेकांना खाज सुटते. पान उभं धरून चीक निथळू द्या, साल काढून आतला पारदर्शक गर धुऊन घ्या आणि मगच लावा.

आणखी एक कळकळीने सांगतो. भारतातून येताना औषधांच्या पिशवीत बुरशी, खाज आणि डाग या तिन्हींवर चालणारी म्हणून टाकलेली ट्यूब असते. त्यात बहुधा कडक स्टिरॉइड असतं. ती लावू नका. फार खाज असेल तर औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टना विचारून १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन थोडे दिवस, न फुटलेल्या त्वचेवर, चेहरा सोडून लावता येतं.

३. हे दिसलं तर घरी थांबू नका

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणं आणि श्वास लागणं: ताबडतोब आपत्कालीन नंबर, ब्रिटनमध्ये ९९९, जर्मनीत ११२, अमेरिकेत ९११. मोठ्या भागावर फोड, ताप-हुडहुडी, उलट्या, चक्कर, पू: त्याच दिवशी डॉक्टर. फोड फोडू नका.

डोळ्यांचं वेगळं सांगायला हवं. सनबेडसाठीचा संरक्षक चष्मा न लावता नुसते डोळे मिटून पडलात, तर सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. पापण्या अतिनील किरण पुरते अडवत नाहीत. डोळे चोळू नका, लेन्स असतील तर काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

४. कारण शोधा: वेळ आणि जागा

कागदावर दोनच गोष्टी लिहा: किती वेळाने सुरू झालं आणि कुठे झालं. मोबाइलवर उजेडात फोटो काढून ठेवा. पुरळ डॉक्टरांकडे जाईपर्यंत बदलतं.

बेडवरच किंवा उठल्यावर काही मिनिटांत गांधी उठल्या, म्हणजे आपण 'पित्त उठलं' म्हणतो तसं झालं आणि तासा-दोन तासांत मावळलं, तर प्रकाशाने उठणारं पित्त असू शकतं. हा प्रकार क्वचित आढळतो. पण असला तर पुढच्या वेळी चक्कर येण्यापर्यंत जाऊ शकतो. लोशन लावल्या लावल्या मुंग्या आल्या आणि कातडी लाल झाली असेल तर लोशन बघा. 'टिंगल' प्रकारची काही लोशनं रक्तवाहिन्या रुंदावणारे घटक घालूनच बनवतात.

काखेत, छातीखाली, कमरेच्या इलॅस्टिकखाली टाचणीच्या डोक्याएवढे पुटकुळ्यांचे पुंजके असतील तर ते घामोळं. गार हवेत दोन-तीन दिवसांत जातं.

फक्त पाठ, कुल्ले, पोटऱ्या, म्हणजे जो भाग काचेसारख्या ॲक्रिलिक पत्र्याला टेकला तेवढाच खाजत असेल, तर संशय त्या पत्र्यावर मारलेल्या जंतुनाशकावर घ्यावा. ते पुरतं पुसलं नसेल तर घामात मिसळून अंगाला लागतं. खांद्याच्या पात्यांवर आणि माकडहाडावर पांढुरके ठिपके दिसले तर मात्र घाबरू नका. हाडाखाली दबलेल्या जागी रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून तिथे रंग चढत नाही. ते कोड नव्हे.

सगळ्यांत जास्त चुकवणारा प्रकार म्हणजे प्रकाशाची ॲलर्जी. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी छातीचा वरचा भाग, दंड, कोपरापासून मनगटापर्यंतचे हात, मानेमागे बारीक खाजरं पुरळ उठतं. आपल्या कातडीवर ते लाल न दिसता त्वचेच्या रंगाचं किंवा किंचित फिकट, रव्यासारखं दिसतं. एरवी कपड्याखाली असलेल्या भागावर अचानक भरपूर यूव्हीए पडला की ते उठतं, आणि सनबेडमधून निघणारे किरण बहुतांशी यूव्हीएच असतात. आठवडाभरात डाग न ठेवता जातं, पण पुन्हा बेडवर पडलात तर पुन्हा येतं.

५. गोळ्या आणि तेलं तपासा

इतर लोक त्याच बेडवर तेवढीच मिनिटं पडले आणि तुम्हीच भाजलात, तर औषधांकडे बघा. मुरुमांसाठी दिलेली डॉक्सीसायक्लिन आणि आयसोट्रेटिनॉइन, सिप्रोफ्लॉक्सासिन, रक्तदाबाच्या जोडगोळीत असणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, दुखऱ्या गुडघ्यावर चोळायचं किटोप्रोफेन जेल: ही सगळी त्वचेला किरणांपुढे हळवी करतात. डॉक्टरांना न विचारता गोळी मात्र बंद करू नका. बंद करायचा तो सनबेड.

बावचीचं तेल लावत असाल तर विशेष जपा. कोडावर ते पूर्वापार वापरतात, आणि त्यात सोरालेन असतं. सोरालेन आणि यूव्हीए एकत्र आले की खोल भाजतं. कोड किंवा सोरायसिसवर डॉक्टर जो प्रकाशोपचार देतात, त्यात बहुधा ३११ नॅनोमीटरचा अरुंद पट्ट्यातला यूव्हीबी (अतिनील किरणांचा दुसरा प्रकार) मोजूनमापून दिला जातो. सनबेड हा त्याचा स्वस्त पर्याय नाही.

६. पुढचे दोन आठवडे

कातडी सुटू लागली तर ओढू नका. बाहेर पडताना झालेली जागा झाका, उघड्या भागाला एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा, नाहीतर आपल्या त्वचेवर भाजल्याचे काळे डाग रेंगाळतात. रेटिनॉल, ॲसिडची सीरमं, वॅक्सिंग, स्क्रब तोवर बंद. दोन आठवड्यांनंतरही पुरळ असेल किंवा एखादा तीळ बदलतोय असं वाटलं तर दाखवून या.

आणि पुढचं सत्र? माझं मत स्पष्ट आहे: जाऊ नका, मिनिटांचे पैसे आधी भरले असले तरी. ते परत मागा, नाही मिळाले तर सोडून द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये टॅनिंगची उपकरणं माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकली. ब्राझीलने त्याच वर्षी सौंदर्यासाठी त्यांचा वापर बंद केला, ऑस्ट्रेलियातही सलूनमधले सनबेड बंद झाले आहेत. ब्रिटन आणि जर्मनीत १८ वर्षांखालच्यांना मनाई आहे. युरोपीय मानकात नीट बसणारा बेडसुद्धा अतिनील निर्देशांक (किरण किती तीव्र ते सांगणारा आकडा) १२ इतका तीव्र असू शकतो. लंडनच्या डिसेंबरात बाहेर तो जेमतेम १ असतो. 'आपली कातडी सावळी, आपल्याला चालतं' हे अर्धंच खरं आहे. आपल्याला धोका गोऱ्यांपेक्षा कमी, पण भाजणं, डाग आणि सुरकुत्या चुकत नाहीत.

ड जीवनसत्त्वासाठी गेला असाल तर ते यूव्हीबीने बनतं, आणि सनबेडमध्ये यूव्हीबी थोडाच असतो. ब्रिटनचं सरकार शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करा असं सगळ्यांना सांगते, ती स्वस्त आहे. रंगच हवा असेल तर डीएचए (कातडीचा वरचा थर रंगवणारा घटक) असलेलं सेल्फ टॅनिंग लोशन किंवा स्प्रे घ्या, पण आताचं पुरळ पूर्ण बसल्यावर. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस थांबा. खाज आली नाही तरच अंगाला लावा, आणि त्याने उन्हापासून संरक्षण मिळत नाही, तेव्हा सनस्क्रीन वेगळं लावायचंच.