पत्र्याखाली मुरणारे पाणी: विमानातील गंज आणि धातूचा थकवा तपासताना या चुका टाळा

२८ एप्रिल १९८८ रोजी दुपारी हवाई बेटांवरील हिलोहून होनोलुलूकडे निघालेले अलोहा एअरलाइन्सचे बोइंग ७३७-२०० विमान २४,००० फुटांवर पोहोचले आणि त्याच्या पुढच्या भागाचे सुमारे १८ फूट लांबीचे छप्पर क्षणात उडून गेले. एक केबिन कर्मचारी बाहेर फेकली जाऊन मृत्युमुखी पडली. उरलेल्या ९४ जणांना वैमानिकांनी माउई बेटावरील काहुलुई विमानतळावर जिवंत उतरवले. हे विमान वादळात सापडले नव्हते, कशावर आदळलेही नव्हते. त्याच्या पत्र्यांच्या सांध्यात वर्षानुवर्षे पाणी मुरत होते आणि रिव्हेटच्या (पत्रे एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या खिळीच्या) छिद्रांभोवती केसाएवढे तडे वाढत होते. विमान देखभालीचे शिक्षण घेणाऱ्यांनी आणि या क्षेत्रात नव्याने आलेल्यांनी हा अपघात पुन्हा पुन्हा वाचावा असे मला मनापासून वाटते, कारण पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका त्या एकाच विमानात एकत्र आल्या होत्या.

गंज आणि थकवा यांना वेगळे समजणे

ही मूळ चूक आहे. गंजाची तपासणी एका कागदावर, तड्यांची दुसऱ्या कागदावर, आणि दोन्ही कागद वेगवेगळ्या माणसांच्या हाती, अशी विभागणी सोयीची असली तरी धातूला ती ठाऊक नसते.

धातूचा थकवा म्हणजे काय, हे लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडणाऱ्या कोणालाही माहीत असते. एका वेळी तुटायला जेवढे बळ लागेल त्याहून कितीतरी कमी बळ हजारो वेळा लावले, तरी तार तुटते. विमानाच्या बाबतीत हे वाकवणे म्हणजे केबिनमध्ये हवेचा दाब भरणे आणि उतरताना तो सोडणे. पूर्ण उंचीवर एका चौरस मीटर पत्र्यावर सुमारे पाच टनांचा भार आतून बाहेर येतो आणि प्रत्येक उड्डाणात धड, म्हणजे विमानाचा नळीसारखा मुख्य भाग, किंचित फुगून पुन्हा आकसते. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा सोसता येतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी निश्चित मर्यादा नसते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत प्रत्येक फेरी हिशेबात धरावीच लागते.

आता अलोहाच्या विमानातील सांधा जवळून पाहू. धडाचा पत्रा जेमतेम ०.९ मिलिमीटर जाडीचा होता. दोन पत्र्यांच्या कडा एकमेकींवर चढवून मध्ये चिकट द्रव्याचा थर आणि वरून रिव्हेटच्या तीन ओळी, अशी रचना होती. भार मुख्यतः चिकट थराने वाहावा, अशी अपेक्षा होती. रिव्हेटचे डोके पृष्ठभागाशी सपाट बसावे म्हणून छिद्राला शंकूसारखा उतार दिला जातो. पण पत्रा इतका पातळ असल्यामुळे तो उतार पत्र्याच्या पूर्ण जाडीतून खाली गेला आणि छिद्राची खालची कड सुरीच्या धारेसारखी उरली. समुद्राकाठच्या दमट, खाऱ्या हवेत चिकट थर सुटत गेला, फटीत ओलावा शिरला, गंज धरला आणि गंजाने फट आणखी रुंदावली. जो भार चिकट थराने वाहायचा तो रिव्हेटवर आला आणि त्या धारदार कडांपासून तडे निघू लागले. गंजाने सांधा मोकळा केला, थकव्याने तो फाडला. ही चिकटवण्याची पद्धत बोइंगने २९२व्या विमानापासून बंद केली होती. अपघातग्रस्त विमान १५२वे होते.

विमानाचे वय फक्त वर्षांत किंवा तासांत मोजणे

या प्रकारच्या विमानांची रचना करताना बोइंगने २० वर्षे, ५१,००० तास आणि ७५,००० उड्डाणे असा आयुष्याचा अंदाज धरला होता. अलोहाचे विमान १९ वर्षांचे होते आणि त्याचे उड्डाणतास ३५,४९६ भरले होते, म्हणजे ही दोन्ही मोजमापे मर्यादेच्या आत होती. उड्डाणांची संख्या मात्र ८९,६८० झाली होती. बेटाबेटांमधील सरासरी २४ मिनिटांच्या फेऱ्यांमुळे तास हळू चढत होते आणि दाबाची आवर्तने झपाट्याने. कमी उंचीच्या फेऱ्यांत पूर्ण दाब येत नसे, हे खरे, पण तेवढ्याने संख्या निरुपद्रवी ठरत नाही. अलोहा कंपनी मोठी तपासणी दर १५,००० तासांनी करत असे, तर उत्पादकाची शिफारस २०,००० तासांची होती. कागदावर ही जास्त सावधगिरी दिसते. प्रत्यक्षात दोन तपासण्यांच्या मधे होणारी उड्डाणे इतकी जास्त होती की तड्यांना वाढायला भरपूर अवधी मिळत होता.

म्हणून कोणत्याही विमानाची नोंदवही हातात घेतली की वर्षे, तास आणि उड्डाणे ही तिन्ही मोजमापे शेजारी लिहून काढावीत आणि ते विमान कोणत्या हवेत उभे राहते हेही त्यांच्यासोबत लिहावे. मुंबई किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे राहिलेले विमान आणि कोरड्या पठारी हवेत राहिलेले विमान यांची उड्डाणे सारखी असली, तरी त्यांच्या सांध्यांची अवस्था सारखी असेलच असे नाही. कोकणातल्या घराच्या खिडकीचे गज पाहिलेल्या माणसाला याहून अधिक पटवून सांगावे लागत नाही.

ॲल्युमिनियम गंजत नाही असे मानणे

लोखंडाचा तांबूस गंज डोळ्यांत भरतो. ॲल्युमिनियमचा पांढरा किंवा करडा भुगा धूळ समजून पुसला जातो. पत्र्याच्या उघड्या पृष्ठभागापेक्षा तो दोन पत्र्यांच्या मधे, पोलादी बोल्टच्या भोवती, खानपानगृहाच्या आणि शौचालयाच्या फरशीखालच्या तुळयांवर आणि पोटाकडच्या खोलगट भागात आधी धरतो, कारण सांडलेला चहा, मीठ आणि हवेतले बाष्प शेवटी तिथेच उतरते. पाणी निचरण्याची छिद्रे कचऱ्याने बुजली की पुढचे सगळे आपोआप होते. २२ ऑगस्ट १९८१ रोजी तैवानमध्ये एक बोइंग ७३७ हवेतच फुटून ११० जण गेले, तेव्हा तपासाचे बोट धडाच्या खालच्या भागातील तीव्र गंजाकडेच वळले.

वाळवी लागलेल्या लाकडाप्रमाणे इथेही बाहेरची खूण अगदी लहान असते. गंजाचा भुगा मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून दोन रिव्हेटच्या मधला पत्रा उशीसारखा किंचित फुगतो. समोरून पाहिल्यास हे दिसत नाही. विजेरी पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाकला की रिव्हेटच्या ओळीत लहान लहान सावल्या उमटतात. त्या दिसल्या की सांधा आतून गंजला आहे असे धरूनच पुढचे काम करावे.

खुणा पुसून मोकळे होणे

रिव्हेटच्या मागे वाऱ्याच्या दिशेने ओढली गेलेली काळी रेघ हा मळ नसतो. रिव्हेट सैल होऊन छिद्रात घासत असतो आणि त्या घासण्यातून निघालेला ॲल्युमिनियमचा बारीक भुगा काळा पडून बाहेर येतो. धुताना ती रेघ निघून जाते आणि तिच्यासोबत पुरावाही जातो. म्हणून धुण्यापूर्वी पाहणी, मोजमाप आणि छायाचित्र हा क्रम मोडू नये. रंगाला आलेले पोपडे, रंगाखाली किड्याने पोखरल्यासारख्या दिसणाऱ्या नागमोडी रेषा आणि एखाद्या रिव्हेटचे उडालेले डोके यांनाही हेच लागू आहे. डोके उडालेला एकच रिव्हेट बदलून जागा सोडणे ही तर फार सर्रास होणारी चूक आहे. तो रिव्हेट का तुटला, त्याच्या शेजारचे किती भार घेत आहेत आणि छिद्राच्या कडेला तडा आहे का, हे पाहिल्याशिवाय तिथे नवा रिव्हेट ठोकू नये. मोठ्या मापाचा रिव्हेट वापरला तर छिद्र आणि पत्र्याची कड यांतले अंतर घटते आणि नव्या तड्याला जागा मिळते.

गंज काढण्याची साधनेही चुकतात. पोलादी तारेचा काथ्या किंवा पोलादी ब्रश ॲल्युमिनियमवर घासला की लोखंडाचे कण पृष्ठभागात रुतून बसतात, आणि दोन भिन्न धातूंच्या स्पर्शातून जोमाने नवा गंज सुरू होतो. खूण करण्यासाठी साधी शिसपेन्सिल वापरणे तितकेच घातक आहे, कारण तिच्यातले ग्राफाइट ॲल्युमिनियमच्या सान्निध्यात ओलावा मिळताच हेच काम करते. गंज घासून काढल्यावर उरलेल्या पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजून ती दुरुस्तीपुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावी, त्यानंतरच रासायनिक संरक्षक थर, प्रायमर आणि रंग असा क्रम घ्यावा. जाडी न मोजता रंग मारणे म्हणजे पुढच्या तपासनीसाची दिशाभूल करणे होय.

ओरखडा आणि जुनी दुरुस्ती यांवर विश्वास टाकणे

चायना एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ विमानाची शेपटी १९८० मध्ये हाँगकाँगच्या धावपट्टीवर घासली होती. ओरखडे पडलेला पत्रा पूर्णपणे न काढता त्यावर दुसरा पत्रा चढवण्यात आला. ओरखडे त्याखाली राहिले, तडे तिथूनच सुरू झाले आणि ते झाकले गेल्यामुळे बाहेरून कधीच दिसले नाहीत. २२ वर्षांनंतर, २५ मे २००२ रोजी, ते विमान हवेत तुटले आणि २२५ जणांचा जीव गेला. जपान एअरलाइन्सच्या ७४७ मध्ये १९७८ च्या शेपटी-घर्षणानंतर मागील दाबभिंतीची (केबिनमधला दाब शेपटीच्या बाजूला अडवणाऱ्या भिंतीची) दुरुस्ती करताना जोडपट्टी अखंड न बसवता दोन तुकड्यांत बसवली गेली, त्यामुळे भार रिव्हेटच्या एकाच ओळीवर आला. १२ ऑगस्ट १९८५ रोजी ती भिंत फुटली आणि ५२० जण गेले. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती झाल्याची नोंद होती आणि त्या नोंदीनेच सर्वांना निश्चिंत केले.

जुन्या दुरुस्तीची जागा म्हणूनच सर्वांत आधी तपासावी. आपल्या हातूनही ओरखडे पडू नयेत: सांध्यातले जुने सीलंट (फट बुजवणारा लेप) काढताना धातूची धारदार पट्टी वापरल्यास सांध्याच्या कडेलगत बारीक रेघ उमटते, आणि दाबाच्या आवर्तनांत तीच रेघ तड्याचा उगम होते. त्यासाठी प्लास्टिकची किंवा कठीण लाकडाची पट्टी वापरावी. तड्याच्या टोकाला छिद्र पाडून तो थांबवण्याचा उपायही दुरुस्तीपुस्तिकेने त्या जागी परवानगी दिली असेल तरच करावा. तड्याचे खरे टोक डोळ्यांना दिसणाऱ्या टोकाच्या पुढे असते आणि छिद्र अलीकडे पडले तर तडा आधीच त्याच्या पलीकडे गेलेला असतो.

एक तडा सापडला की समाधान मानणे

अलोहाच्या विमानात पत्रा फाटलाच तर ती फाट थोड्या अंतरावर थांबावी म्हणून दर १० इंचांवर आडव्या पट्ट्या होत्या. परंतु एकाच ओळीतील अनेक रिव्हेटना एकाच वेळी लहान तडे गेले होते. ते एकमेकांना मिळाले आणि त्या पट्ट्यांनी फाट थांबली नाही. म्हणून एका छिद्रात तडा सापडला की त्या ओळीतील प्रत्येक छिद्र, आणि दुसऱ्या बाजूची तीच ओळ, एडी करंट यंत्राने (विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने धातूतले लपलेले तडे शोधणाऱ्या यंत्राने) तपासावी. १९८७ मध्ये अमेरिकी नियामकाने सक्ती केली ती फक्त वरच्या दोन सांध्यांच्या तपासणीची, जरी उत्पादकाचे पत्रक सर्व सांध्यांबद्दल होते. फाटलेला सांधा त्या दोघांपैकी नव्हता.

शेकडो रिव्हेट एकामागून एक, तेही रात्रपाळीत, पाहताना नजर थकते. तपासनीसाला हे मान्य करायला संकोच वाटतो, पण वाटू नये. ठरावीक अंतर झाल्यावर थांबावे, माणूस बदलावा आणि कोणता पट्टा कोणी पाहिला हे त्याच क्षणी लिहावे. नोंदीत ‘तपासले, ठीक’ एवढेच नको. सांध्याचा क्रमांक, रिव्हेट कुठून कुठपर्यंत, कोणती पद्धत वापरली आणि तडा असल्यास त्याची लांबी मिलिमीटरमध्ये, इतके असावे.

त्या दिवशी हिलोला विमानात चढताना एका प्रवासी महिलेला दाराजवळ रिव्हेटच्या वरच्या ओळीत लांबट तडा दिसला होता. तिने तो कोणालाही सांगितला नाही. असे काही दिसले तर दार बंद होण्यापूर्वी केबिन कर्मचाऱ्याला जागा दाखवून सांगावे, म्हणजे इंजिनिअरला बोलावून ती ओळ तिथेच पाहून घेता येते.