घरावर तिरंगा लावताय? मग लावण्याइतकंच उतरवण्याकडेही लक्ष द्या

पंधरा ऑगस्ट जवळ आला की झेंडा सगळेच घेतात, पण तो लावायचा कसा आणि मुख्य म्हणजे नंतर त्याचं काय करायचं हे फार कमी जण बघतात, म्हणून हे लिहितोय.

आधी झेंडा नीट पारखून घ्या. लांबी-रुंदी ३:२ हवी, म्हणजे ३ फूट लांब असेल तर २ फूट रुंद, आणि चक्र बरोब्बर मधोमध, २४ आऱ्यांचं. चक्र एका बाजूला सरकलेला झेंडा दुकानदाराला तिथेच परत द्या. डिसेंबर २०२१ पासून मशीनवरचा पॉलिस्टरचा झेंडाही चालतो, पण खादीचा मिळाला तर तोच घ्या. आपल्या नांदेडला बनतात.

काठी सरळ आणि पक्की बांधा, झेंडा पार टोकापर्यंत चढवा, केशरी वर. चढवताना झपझप, उतरवताना सावकाश. भिंतीवर उभा लावणार असाल तर केशरी पट्टा समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला आला पाहिजे, इथे बऱ्याच जणांचं चुकतं. त्याच काठीवर मंडळाचा किंवा दुसरा कुठलाही झेंडा नको, आणि शेजारचा झेंडा तिरंग्यापेक्षा उंच नको. गाडीच्या बॉनेटवर पसरायचा नाही, त्यावर काही लिहायचं नाही.

जुलै २०२२ पासून घरावर रात्रंदिवस ठेवता येतो. पण ठेवता येतो म्हणजे विसरून जायचं असं नाही ना! ऑगस्टचा पाऊस-वारा असतो, कडेची शिवण उसवते, धागे लोंबायला लागतात आणि सप्टेंबरमध्ये गच्चीवर ती चिंधी फडफडताना बघवत नाही. रोज एकदा नजर टाका, फाटायला लागला की त्याच दिवशी उतरवा.

घडी अशी घालायची: झेंडा आडवा धरा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा, मग दोन्ही बाजू आत घ्या म्हणजे वर फक्त चक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडासा भाग दिसेल. ओला असेल तर आधी वाळवा, जमिनीला टेकू देऊ नका.

फारच खराब झाला तर कचऱ्यात नाही, पोछा म्हणून तर अजिबातच नाही, घरच्या घरी, खाजगीत, आदराने पूर्ण जाळायचा. पोरांनी आणलेले कागदी झेंडेही कार्यक्रम संपल्यावर रस्त्यावर पडू न देता गोळा करून असेच नष्ट करा.