इंग्रजीतला बोलीशब्द अडला, तर तो सोडवायचा कसा

शब्द एकटा उचलू नका. 'दॅट कॅच वॉज सिक' यातल्या 'सिक'साठी शब्दकोश उघडलात तर 'आजारी' हाती लागेल. बोलणाऱ्याला मात्र झेल अफलातून होता असं म्हणायचंय. म्हणून आधी अख्खं वाक्य उतरवून घ्या, मागचं-पुढचं एकेक वाक्यही. शेजारी तीन गोष्टी टिपा: बोलणारा कोण, कुठल्या देशातला, कौतुकानं बोलला की चिडून. देश तर हवाच. 'पिस्ड' म्हणजे ब्रिटनमध्ये दारू चढलेला, अमेरिकेत संतापलेला. ऑस्ट्रेलियात 'थाँग्ज' म्हणजे रबरी चपला, अमेरिकेत अंतर्वस्त्र.

मग शेपूट बघा. 'ही घोस्टेड मी' यात 'एड' लागलंय, म्हणजे घोस्ट इथे क्रियापद आहे. भुताचा संबंध एवढाच, की माणूस काही न सांगता फोन-मेसेज बंद करून गायब झाला.

आता शब्द फोडा. दोन शब्दांचा सांधा असेल तर बहुधा पहिल्याचं डोकं आणि दुसऱ्याची शेपटी उरते. ब्रेकफास्ट आणि लंच मिळून ब्रंच, हा 1895 पासून छापील मिळतो. स्मोक आणि फॉग मिळून स्मॉग, 1905च्या सुमाराचा, लंडनच्या धुरकट हवेसाठी घडवलेला. 'हँग्री'मध्ये हंग्री आणि अँग्री एकमेकांवर चढलेत, तिथे तोडायची जागा शोधत बसू नका. भुकेनं चिडचिड हा अर्थ वाक्यात बसतो का तेवढं बघा. लांब शब्द कातरून छोटा केला असेल, तर बहुधा त्याचा सुरुवातीचा तुकडा उरतो. तसा लागला नाही तर मधला तुकडा धरून बघा: इन्फ्लुएन्झातून फ्लू आला तसा करिझ्मातून 'रिझ', म्हणजे समोरच्याला भुरळ घालायची हातोटी. ऑक्सफर्डनं हा 2023चा शब्द ठरवला. ऑस्ट्रेलियन लोक कातरून वर 'ओ' लावतात: आफ्टरनूनचं 'आर्वो', सर्व्हिस स्टेशनचं 'सर्वो', म्हणजे पेट्रोलपंप.

खरी दमछाक कॉकनी, म्हणजे लंडनच्या ईस्ट एंडमधल्या कष्टकऱ्यांच्या बोलीतल्या यमकांत होते. रीत अशी: 'लुक' म्हणायचं, तर त्याऐवजी त्याला यमक जुळणारं 'बुचर्स हुक' म्हणायचं. पण बोलताना यमकाचा शब्दच गाळतात, त्यामुळे 'हॅव अ बुचर्स' एवढंच ऐकू येतं आणि खाटकाचा काय संबंध ते कळत नाही. उलट चाला. गाळलेला जोडीदार शोधा, त्याला जुळणारा साधा शब्द लावा. 'यूज युअर लोफ'मध्ये लोफ ऑफ ब्रेड, ब्रेडला जुळतं हेड, म्हणजे डोकं चालव. 'पोर्कीज'मागे पोर्क पाइज, त्याला जुळतं लाइज, म्हणजे थापा. आपल्याकडे मुलं 'च'ची भाषा बोलतात, त्या जातीचाही प्रकार तिथे आहे. लंडनचे फेरीवाले शब्द उलटा म्हणत. 'बॉय' उलटून 'यॉब' झाला. तेव्हा तो नुसता मुलगा होता, आज दांडगट टवाळ पोरगा आहे. व्युत्पत्ती कळली की अर्थ कळला असं धरून चालू नका, ते यासाठी.

पडताळणीला जोनाथन ग्रीन यांचा स्लँगचा कोश उत्तम, कारण अर्थासोबत तारीखवार उदाहरणं मिळतात. 1999 साली सुरू झालेल्या अर्बन डिक्शनरीत कुणीही लिहू शकतो. तिथे पहिल्या नोंदीवर थांबू नका, चार-पाच वाचा. ज्या अर्थावर बहुतेकांचं जमतं आणि जो तुमच्या वाक्यात बसतो, तोच घ्या. आद्याक्षरांच्या गोष्टींपासून तर चार हात लांब राहा. 'पॉश' हा मुंबईच्या बोटींच्या तिकिटांवरच्या 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (जाताना बोटीची डावी बाजू, परतताना उजवी) यातून आला, हे सर्रास सांगतात. तसं एकही तिकीट सापडलेलं नाही. 'ओके'चं मात्र खरं आहे. 1839 साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रानं 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम 'oll korrect' असं चुकीचं स्पेलिंग करून ती दोन अक्षरं थट्टेनं छापली.

आता एक शब्द सगळ्या पायऱ्यांवरून नेऊ: 'हीज गॉन डुलॅली.' बोलणारा ब्रिटिश, सूर थट्टेचा. शब्द 'गॉन'नंतर आलाय, म्हणजे माणसाची झालेली अवस्था. फोडून काही निघत नाही, कातरलेला वाटत नाही, यमकही लागत नाही. अशा वेळी तो परक्या भाषेतून आलाय का ते बघायचं, आणि ब्रिटिश शब्द असेल तर आधी हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेकडे वळायचं. 'हॅव अ डेको'मध्ये आपला 'देखो' आहे, 'पका'मध्ये पक्का. डुलॅलीचं जुनं रूप 'डुलॅली टॅप'. मोठ्यानं म्हणून बघा: ही नाशिकजवळची देवळाली, आणि टॅप म्हणजे ताप. मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन् महिने पडून राहत, आणि रिकामपणानं, उकाड्यानं त्यांचं डोकं फिरे. वाक्यात ठेवून बघा: त्याचं डोकं फिरलंय. बसलं.